ठेवायचं का टाकायचं

28 जानेवारी, रात्र

"आई, तुम्ही बसा, नुसतं सांगा की," असे सून म्हणाली आणि मी बसले. घडले ते एवढेच. तिने ते मायेने म्हटले, खुर्चीही तिनेच खाली आणली, वर उशी घातली. तरीही ते वाक्य दुपारपासून दाताखाली खडा आल्यासारखे सलते आहे, म्हणून हे लिहायला घेतले.

तळघर आवरायला हिवाळ्याखेरीज दुसरा काळ आमच्याकडे नाही. कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरांच्या भिंती पावसाळाभर पाणी पितात आणि दिवाळी उलटली तरी हात लावला की चुना बोटाला येतो. उन्हाळ्यात चटणीच्या मिरच्या वाळत पडलेल्या असतात, तेव्हा कुणाला सवड नसते. पौषात कोरडी हवा सुटली की मगच खालचा कुबट वास थोडा हटतो. म्हणजे कामाची वेळ बरोबर होती. माझीच वेळ चुकली. भाद्रपदात चिकनगुनिया होऊन गेला, ताप चार दिवसांत उतरला, पण सांध्यांनी अजून मला सोडलेले नाही, आणि थंडीत तर सकाळी गरम पाण्यात हात धरल्याशिवाय मूठ मिटत नाही. अंगातली ताकद आता नळाच्या पाण्यासारखी वेळ धरून येते: सकाळी नऊला येते, अकराला जाते, दुपारी पडल्यावर चार वाजता तासभर बारीक धार लागते. तेवढ्यात भरून घ्यायचे. तळघराच्या नऊ पायऱ्या मी दिवसातून एकदाच उतरते, कारण उतरणे फुकट असते आणि चढण्याचे पैसे पडतात.

हे सगळे मला मान्य आहे. वीस मिनिटे काम आणि दहा मिनिटे विसावा हा नियम मीच केला होता. मग बसायला सांगितल्याचे एवढे का लागावे?

"बसा" आपण पाहुण्याला म्हणतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून मला इथे कुणी "बसा" म्हटल्याचे आठवत नाही, "उठ" मात्र पुष्कळांनी म्हटले. त्या घरच्याच तळघरात, जिथला प्रत्येक डबा मी निदान दोनदा घासलेला आहे, मी मांडीवर हात ठेवून बसले होते आणि तालमीतला तो पोरगा एकेक वस्तू उचलून विचारत होता, "मावशी, ठेवायचं का टाकायचं?" पितळी बंब. ठेव. पाय मोडलेली कॉट. टाक. हिरवी ट्रंक. तिच्याबद्दल आज लिहीत नाही. दर खेपेला उत्तर देताना वाटायचे की पुढच्या खेपेला तो माझ्याकडेच बोट करून हाच प्रश्न विचारील. इतका कीव येणारा विचार कागदावर उतरवताना लाज वाटते, पण रोजनिशीत खोटे लिहून काय करायचे?

सुनेचे ते वाक्य मी आधी कुठे ऐकले होते, ते चार वाजता बसल्या बसल्या आठवले. ऐकले नव्हते, म्हटले होते. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी पेठेत शिरले त्या रात्री आम्ही तळघरातले सामान वर चढवत होतो, आणि आत्ती, माझ्या सासूबाई, सारख्या पायरीशी येऊन "ते जातं तेवढं घ्या गं" म्हणत होत्या. "आत्ती, तुम्ही खुर्चीत बसा, नुसतं सांगा," असे मी म्हणाले. त्या बसल्या, त्यांनी सांगितले, आणि आम्ही ऐकले नाही. जाते कोण उचलणार होते? त्यांचा चेहरा कसा झाला होता ते मला आठवत नाही, कारण मी तिकडे पाहिलेच नव्हते.

जाते खालीच राहिले, 2019 ला बुडाले आणि 2021 च्या जुलैत पुन्हा बुडाले. आज पोराने खुंट्याला धरून वरची तळी उचलली, तर दोन दगडांच्या फटीत गाळाची चकती निघाली, भाकरीएवढी, पापडाइतकी पातळ, वाळून कडक झालेली. मी ती उशीवर ठेवून घेतली आणि कडेने पाहिली. जात्याला कधीकाळी छिन्नीची टाकी लावली होती, तिचे घाव त्या मातीवर जसेच्या तसे उठले होते. गव्हाचे पीठ इतके बारीक कधी पडले नव्हते. उभी राहून काम करत असते, तर ती चकती झाडूखाली गेली असती, हेही खरे आहे.

त्यानंतर माझा आवाज थोडा चढला असावा. "ठेव" आणि "टाक" या दोनच उत्तरांत आमच्या घराचे भागत नाही, हे लक्षात आले आणि मी खडू मागवला. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आता इथल्या लहान पोरालाही पाठ असते. तेव्हा पाणी 39 वर गेले की जे लगेच वर न्यायचे त्याच्यावर 39 लिहायचे, थोडे थांबू शकते त्याच्यावर 43, आणि ज्याच्यावर काहीच नाही ते खुशाल बुडू दे. बरण्या 43. कागदांची पेटी तळघरात मुळात ठेवायचीच नाही, ती वरच्या सोप्यात. बंब बिनआकड्याचा, त्याने दोन पूर पाहिले आहेत. जात्यावर मी 39 लिहिले. सून काही बोलली नाही, पोराने मात्र वरच्या तळीकडे आणि मग स्वतःच्या दंडाकडे पाहिले.

पाच वाजता पश्चिमेच्या गवाक्षातून ऊन खाली उतरले आणि माझ्या पावलांवर आले. अंबाबाईचा किरणोत्सव तीन दिवसांवर आहे, तिथेही पहिल्या दिवशी मावळतीची किरणे देवीच्या चरणांपर्यंतच येतात, असे मी सुनेला म्हटले तेव्हा ती आज पहिल्यांदा मोठ्याने हसली. गुडघे शेकायचे असतील तर उद्या खुर्ची हातभर पुढे घ्यावी लागेल.

उठता उठता खडू हातात होताच, तर खुर्चीच्या पाठीवरही 39 लिहून टाकले. सुनेने वाचले आणि म्हणाली, "आई, हिला कशाला? प्लास्टिकची आहे, आपोआप तरंगून वर येईल की."