वाद मिटला, मिसळ गेली

कळसूबाईनंतर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कुठलं, या प्रश्नावर पूर्वी अख्खी संध्याकाळ निघायची. कुणीतरी छातीठोकपणे महाबळेश्वर म्हणायचं. दुसरा सप्तशृंगगडावर अडून बसायचा, कारण तिथल्या पायऱ्या चढताना त्याला धाप लागली होती आणि त्याहून उंच काही असूच शकत नाही, असं त्याचं मत होतं. मग भूगोलाच्या मास्तरांची आठवण, त्यांच्या छडीची आठवण आणि शेवटी मिसळीची पैज. आता चौघांतला एक जण बोलता बोलता खिशात हात घालतो. "साल्हेर. १५६७ मीटर." संपलं. मिसळ ज्याची त्याने आपापल्या पैशांनी खायची.

खरं उत्तर लगेच मिळालं म्हणून कुणी गळा काढू नये, हे मलाही कळतं. पण साल्हेरला पोचण्याआधी मंडळी नाशिककडचं सगळं बागलाण फिरून यायची. साल्हेरची १६७२ ची मराठे-मोगल लढाई नव्याने लढली जायची, कुणाचा तरी मामा सटाण्याचा निघायचा, त्याच्या डाळिंबाच्या बागेचं काय झालं तेही कळायचं. शिखराची उंची मी दहा वेळा वाचून दहा वेळा विसरले. मामाची बाग मात्र पक्की लक्षात आहे.

सावकाशीची मोठी परंपराच आहे म्हणा आपल्याकडे. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड, त्यातले पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेचे! वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. तो कौतुकाने विकत घेणाऱ्यांतले किती जण विसावा खंड बघायला उरले असतील कोण जाणे. आज हे दोन्ही कोश फोनवर फुकट वाचता येतात. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश शिकागो विद्यापीठाने जालावर ठेवलाय, तोही रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या उघडतो. ही चैन मला सोडवणार नाही, तेव्हा 'गेले ते दिवस' वगैरे मी म्हणत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं तेव्हा ते टाइप करणाऱ्यांचं, त्यातही इंग्रजी येणाऱ्यांचं होतं. आता फोनला मराठीत बोललेलं कळतं. माझी मावशी त्याला "अगं" म्हणते. "अगं, एकादशी उद्या आहे की परवा गं?" उत्तर आलं की "बरं" म्हणून उठते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून येते. एकीला विचारायचं आणि दुसरीकडे पडताळायचं. मोठमोठे संशोधक याहून वेगळं काय करतात? व्हॉट्सॲपवर आलेलं वाचून हळदीचे काढे पिणाऱ्या माझ्या सुशिक्षित चुलतभावापेक्षा मावशी मला जास्त शास्त्रीय वाटते.

पण पुढे तिचीही पंचाईत होणार आहे. आतापर्यंत शोध घेतला की दहा ठिकाणांची यादी यायची, त्यातलं कुठलं धरायचं हे आपण ठरवायचो. आता वरतीच यंत्राने लिहिलेला तयार परिच्छेद येतो, स्वच्छ मराठीत आणि न अडखळता. माहीत नसलेलं सांगताना माणूस निदान डोकं खाजवतो. यंत्राचा सूर बरोबर असताना आणि चूक असताना एकच. त्यात वरचा परिच्छेद वाचून भागलं की खाली कुणी जात नाही. आणि वाचायलाच कुणी फिरकलं नाही, तर मेहनतीने लिहिणारा कशासाठी लिहील?

आमच्या भाषेत तर आधीच लिहिणारे थोडे. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यावरचे लेख लाखाच्या आसपास, इंग्रजीत ते सत्तर लाखांच्या घरात. यंत्र बोलणार ते लिहिलेल्याच्या जोरावर. पाऊस उघडल्यावर वाफसा आला का, हे शेतकरी मूठभर माती दाबून बघतो. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला तर औत घालायचं, तसाच राहिला तर थांबायचं. एवढं लिहिता येतं. पण काळ्या रानात किती दाबायचं, मुरमाड रानात किती, बांधाकडेची माती का धरायची नाही, हे त्याच्याबरोबर चिखलात उभं राहिल्यावरच कळतं. पन्नास वर्षांनी त्याचा नातू फोनलाच विचारील आणि फोनही त्याला काहीतरी सांगेलच. गप्प बसणं त्याला जमत नाही.

लिहून ठेवणं तरी सोपं कुठंय! शेजारच्या काकूंचे उकडीचे मोदक कधी फुटत नाहीत. त्यांच्या नातीने यंदा ठरवलं, आजीचा व्हिडिओ करायचा, म्हणजे सगळ्यांना कायमचं मिळेल. ओट्यावर फोन उभा केला, काकू नवी साडी नेसून आल्या. पिठी, पाणी, चिमूटभर मीठ इथपर्यंत छान चाललं. मग उकड मळताना त्या थांबल्या, बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून थोडा पाण्याचा हात."

"थोडा म्हणजे किती, आजी?"

"उकड मागेल तेवढा."

नातीने व्हिडिओ थांबवला. "आजी, असं नाही चालत. चमच्यात सांग."