चष्मा कोणत्या शब्दावर काढायचा

हिंदी सिनेमातल्या म्हाताऱ्यांकडे चष्मा असतोच. वडील असोत, मास्तर असोत, फॅमिली डॉक्टर असोत की मुलीच्या लग्नाच्या काळजीने खंगलेले हेडक्लार्क असोत, चष्म्यावाचून त्यांचं म्हातारपण पडद्यावर बसत नाही. आणि तो चष्मा चित्रपटात एकदा तरी काढला जातो, धोतराच्या सोग्याने पुसला जातो आणि पुन्हा चढवला जातो. बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला गहिवरून आलं. आलंही असेल. पण त्याच वेळी त्या नटाच्या डोक्यात दुसराच हिशेब चालू असतो. मघाशी मास्टर शॉटमध्ये चष्मा ‘बेटा’वर काढला होता, की ‘घर’वर?

हा हिशेब चुकवून चालत नाही. एकच प्रसंग आधी लांबून घेतात, मग हिरोच्या खांद्यावरून, मग जवळून. दर वेळी संवाद तोच, हालचाल तीच, आणि तीही त्याच शब्दावर यावी लागते. एका शॉटमध्ये ‘बेटा’ म्हणताना चष्मा नाकावर आणि दुसऱ्यात हातात असेल, तर संकलकाला ते दोन तुकडे जोडता येत नाहीत. जोडलेच तर चष्मा आपणहून उडी मारल्यासारखा दिसतो. कोणता हात, कोणतं बटण उघडं, पेल्यात पाणी किती, सिगारेट किती जळलेली, हे सगळं लिहून ठेवायला कंटिन्युइटीचा सहायक असतो, पण त्याचा अर्धा जीव हिरोच्या केसांत अडकलेला असतो. चरित्र नटाने आपलं आपण लक्षात ठेवायचं. नाही ठेवलं, तर शॉट हिरोचा राहतो आणि कात्री लागते ती याच्या क्लोज-अपला.

चष्म्याचा दुसरा ताप दिव्यांचा. काचेत समोरचा दिवा चमकला की डोळे दिसेनासे होतात, आणि डोळे दिसले नाहीत तर क्लोज-अप घेऊन उपयोग काय? त्यावरचा साधा उपाय म्हणजे काड्या कानांवरून किंचित उचलायच्या. काच खाली झुकते आणि चमक कॅमेऱ्यात न जाता जमिनीकडे जाते. पण मग नटाला हनुवटी वर करता येत नाही. केली की चमक परत हजर. गरीब बापाच्या मानेतली जी लीनता आपल्याला इतकी भिडते, तिच्यात थोडा वाटा प्रकाशयोजनेचाही असतो म्हणायला हरकत नाही. नंबरची काच घातली तर डोळे लहान नाहीतर मोठे दिसतात, म्हणून साधी काच बसवतात. कधी नुसतीच फ्रेम देतात, पण नट बाजूला वळला की काच नसल्याचं उघडं पडतं.

चहाच्या कपाचंही तसंच. रिकामा कप हातात घेतला की मनगट खोटं बोलतं. वजन नसल्यामुळे तो फार चटकन उचलला जातो. म्हणून कपात निदान पाणी तरी हवं. बशीवर कप टेकवायचा तो वाक्य संपल्यावर, मध्येच टेकवला तर खणखणाट नेमका संवादावर पडतो. जेवणाच्या प्रसंगात घास सुपारीएवढा घ्यायचा, कारण तोच घास पुन्हा पुन्हा खावा लागणार असतो आणि भरल्या तोंडाने पुढचं वाक्य येणार नसतं. एखाद्या सिनेमात मुरलेला नट ताटावर बसलेला दिसला तर नीट बघा. तो पोळी बराच वेळ मोडत असतो आणि खातो फार कमी.

हे सगळं अंगवळणी पडलेल्या माणसांत अवतार किशन हंगल यांचं नाव घ्यावंच लागतं. पोटापाण्याचा धंदा शिवणकामाचा, उमेदीची वर्षं स्वातंत्र्यचळवळीत आणि डाव्या चळवळीत गेलेली, कराचीत तुरुंगवास, मग १९४९ मध्ये मुंबई आणि ‘इप्टा’ची नाटकं. सिनेमात आले तेव्हा वय पन्नाशीच्या घरात होतं. ‘तीसरी कसम’ १९६६चा. इतर लोक निवृत्तीचे हिशेब मांडतात त्या वयात यांनी सुरुवात केली आणि सव्वादोनशेच्या आसपास चित्रपट केले. तरुण हंगल पडद्यावर कुणी पाहिलेच नाहीत. मला यात त्यांचा फायदाच दिसतो. तारुण्य ओसरल्यावर नायकाचा काका व्हावं लागण्याचं दुःख त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते काका म्हणूनच आले.

निर्मात्यांना असा माणूस का हवा असायचा, हे कच्च्या फिल्मच्या हिशेबावरून कळतं. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी पळते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ४०० फुटांचं रीळ साडेचार मिनिटंही पुरत नाही. मिनिटभराच्या शॉटचे चार रिटेक झाले की ३६० फूट गेले. फिल्म आयात व्हायची आणि मोजून मिळायची, त्या काळात हिरोचे रिटेक गृहीतच धरलेले असायचे. समोरच्या म्हाताऱ्याने त्यांत भर घालू नये, एवढीच अपेक्षा. हिरो सहाव्या वेळी वाक्य नीट म्हणतो, तेव्हा समोरच्याने सहाव्यांदा पहिल्याइतक्याच ताजेपणाने ऐकायचं असतं. हे ऐकणं हीच खरी कमाई. कारण हिरोच्या दोन टेकमधला सांधा झाकायला संकलक याच्याच चेहऱ्यावर येतो. म्हणजे संवाद चाललाय हिरोचा, पडद्यावर मात्र हंगल, आणि प्रसंग हिरोच्या नावावर जमा.

‘शोले’तला रहीमचाचा घ्या. घोड्यावरून मुलाचं प्रेत गावात येतं, गाव गप्प उभं, आणि हा अंध इमाम काठी टेकत येऊन एवढा सन्नाटा का आहे म्हणून विचारतो. तो प्रश्न आता विनोदापुरता उरलाय, कुठेही शांतता झाली की कुणीतरी तो फेकतोच. पण मूळ प्रसंगात बघण्यासारखं आहे ते शरीराचं काम. आंधळ्याची भूमिका करताना पहिली चूक होते ती आवाजाकडे तोंड फिरवण्याची, ती डोळस माणसाची सवय. न दिसणारा माणूस कान फिरवतो, चेहरा थोडा तिरकाच राहतो. दुसरी चूक म्हणजे पापणी न हलवता टक लावून बसणं, ते भुताचं काम. नजर लांब सोडून द्यायची आणि पापणीला तिच्या मनाप्रमाणे लवू द्यायचं. हंगल इथे डोळे वापरतच नाहीत, सगळा भार हातांवर टाकतात. हात मुलापर्यंत पोहोचतो, चाचपतो आणि ओळखतो. समोर प्रेत होऊन पडलेला अहमद म्हणजे आपला सचिन पिळगावकर. पुढे गावकरी जय-वीरूला गब्बरच्या हवाली करायचं म्हणतात, तेव्हा हा म्हातारा त्यांना गप्प करतो. तीन तासांहून लांब सिनेमात त्यांच्या वाट्याला मोजके प्रसंग आहेत, पण चाचा वजा केला तर गाव लढायला का तयार होतं, याचं उत्तर उरत नाही.

बायकांत ललिता पवार. येवल्याच्या. मूकपटांपासून पडद्यावर, आणि नायिकासुद्धा. १९४२ साली एका चित्रणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, तीन वर्षं उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक राहिला. त्या डोळ्याने त्यांना खाष्ट सासू दिली, असं सरसकट लिहिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. डोळा तोच ठेवून त्यांनी ‘अनाड़ी’तली प्रेमळ मिसेस डिसा केली आणि फिल्मफेअर घेतलं. खाष्टपणा डोळ्यात नव्हता, तो वाक्याच्या आधीच्या थांब्यात होता. सुनेला बोलण्याआधी त्या क्षणभर थांबत, आणि तेवढ्यात थिएटरातल्या बायका शिव्या घालून मोकळ्या होत. बक्षिसांचं म्हणाल तर फिल्मफेअरने साहाय्यक भूमिकांना १९५५ पासून विचारलं. राष्ट्रीय पुरस्कारांना मात्र १९८४ सालचे चित्रपट उजाडावे लागले. तेव्हा पहिलं नाव व्हिक्टर बॅनर्जींचं लागलं, आणि अभिनेत्रींत रोहिणी हट्टंगडींचं.

या धंद्यातली खरी डोकेदुखी म्हणजे तारखा. चरित्र नटाचं काम दिवसांवर चालतं. या चित्रपटाचे चार दिवस, त्या चित्रपटाचे सहा, सकाळची शिफ्ट इथे, दुपारची तिथे. पाच-सहा कलाकार एकत्र लागणारी ‘कॉम्बिनेशन’ची तारीख सगळ्यांत अवघड. हिरो आला नाही तर पाचही जणांचा दिवस वाया जातो, आणि नवी तारीख हिरोच्या सोयीने पडते. त्यात दाढी-मिशांचा घोळ. एका चित्रपटात गुळगुळीत वकील, दुसऱ्यात झुपकेदार मिशांचा ठाकूर, दोन्हींचं चित्रण त्याच आठवड्यात. म्हणून स्वतःची मिशी ठेवायचीच नाही, स्पिरिट गमने चिकटवायची. ती सुटते हमखास ओठाच्या कोपऱ्याशी, कारण बोलताना कातडी तिथेच सर्वांत जास्त ताणली जाते आणि घामही तिथे साचतो. मिशी चिकटवलेला ठाकूर दिलखुलास हसत नाही, नुसता गुरगुरतो, यामागे खानदानी रुबाबाबरोबर एवढंही कारण असू शकतं.

आणि साचा. जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलीस इन्स्पेक्टर केला, गिनीज बुकात नोंद झाली. लोक ती गंमत म्हणून सांगतात. मला ती धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाची गोष्ट वाटते. प्रेक्षकाला ओळख करून द्यायला वेळ नसताना खाकीतला तो चेहरा दारात उभा राहिला, की गुन्हा नोंदवला गेलाच. पण साच्याची खरी मजा तो मोडतो तेव्हा येते. इफ्तेखार म्हटलं की पोलिसांतला बडा साहेब. त्यांनाच ‘दीवार’मध्ये स्मगलर दावर केलं, आणि वर्षानुवर्षांचा तो विश्वासू चेहरा गुन्हेगाराला आयताच मिळाला. दावर सभ्य वाटतो त्यात संवादांपेक्षा इफ्तेखारांच्या आधीच्या भूमिकांचं भांडवल जास्त आहे.

हे भांडवल बँकेत ठेवता येत नाही, हीसुद्धा त्यातली गोम. १९९३ मध्ये पाकिस्तानच्या वकिलातीतल्या एका समारंभाला गेल्यावरून हंगलांवर शिवसेनेने बहिष्कार पुकारला. काम जवळजवळ थांबलं आणि झालेल्या चित्रपटांतूनही त्यांचे प्रसंग वगळले गेले. हिरोवर बहिष्कार पडला तर निर्माता बुडतो. चरित्र नटावर पडला तर बुडतो तो एकटा नट. चार दिवसांचं काम कापून चित्रपट पुढे सरकू शकतो, हे प्रत्येक निर्मात्याला ठाऊक असतं. तरी ते पुढे पुन्हा उभे राहिले. २००६ साली पद्मभूषण मिळालं. उतारवयात औषधपाण्यालाही पैसे पुरेनात तेव्हा चित्रपटसृष्टीतले काही जण मदतीला आले, आणि २०१२च्या ऑगस्टमध्ये ते गेले.

त्यांच्या आवाजाविषयी एक सांगायचं राहिलं. त्यांच्या बहुतेक चित्रपटांत आपण ऐकतो तो आवाज चित्रणाच्या जागेवरचा नाही. त्या काळचे हलके कॅमेरे इतके खरखरत की तिथला आवाज वापरण्यालायक नसे. महिन्यांनी डबिंग थिएटरात चित्रपटाचा छोटा तुकडा गोल जोडून पडद्यावर फिरवत ठेवत, आणि नट आपल्याच ओठांकडे बघत तेच वाक्य पुन्हा म्हणे. ओठ जुळले तरी दम जुळत नाही. चढण चढून आलेला म्हातारा खुर्चीत बसून धापा टाकतोय, हे कानाला कळतं. ‘लगान’ने २००१ मध्ये जागेवरच आवाज घेतला, आणि त्यात हंगल शंभूकाका होते, ऐंशी ओलांडलेले. ‘नमक हराम’मधला त्यांचा कामगार पुढारी बिपीनलाल पांडे आणि हा शंभूकाका लागोपाठ ऐका. पहिल्यात शब्द जास्त स्वच्छ आहेत. दुसऱ्यात वाक्याच्या शेवटी श्वास संपत आलेला ऐकू येतो, आणि त्या अपुऱ्या श्वासाचा अंदाज घेऊन त्यांनी वाक्य नेमकं कुठे तोडलंय, तेही.