हळू म्हणजे किती हळू? तीनशे ग्रॅम

आमच्या माहेरी मालिश म्हणजे माणूस ओरडलाच पाहिजे असा अलिखित नियम होता. आजोबा बडोद्याच्या तालमीत वाढलेले, जुम्मादादा व्यायाम मंदिराचं नाव काढलं की ऐंशीव्या वर्षीसुद्धा खुर्चीत ताठ व्हायचे, आणि प्रो. माणिकराव हाडं कशी बसवायचे याच्या गोष्टी आम्ही आमटी-भातासोबत इतक्या वेळा ऐकल्यात की पाठ झाल्यात. त्यांचं म्हणणं असं की तेल लावणाऱ्याला घाम फुटला नाही तर ते मालिश नाही, नुसतं चोपडणं. तसं गावच पहिलवानांचं ना आमचं! कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये गामा पहिलवानाने 1902 साली उचललेला दगड आहे, 1200 किलोचा सांगतात, लहानपणी दर रविवारी आजोबा मला त्याच्यासमोर नेऊन उभं करायचे, देवळात नेतात तसं.

तर अशा घरातली मी, आणि मला झाला फायब्रोमायल्जिया.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अंगभर स्नायू दुखतात, रोज, महिनोन्महिने, ताप येण्याआधी अंग मोडून येतं ना तसं पण ताप काही येत नाही. झोप होते पण उठल्यावर झोपलोच नव्हतो असं वाटतं. आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. थायरॉइड झालं, व्हिटॅमिन डी झालं, संधिवाताच्या टेस्ट झाल्या, दोन वर्षं फाइल जाड होत गेली आणि माणसं मला म्हणायला लागली की अगं जरा मन रमव कुठेतरी. (मन रमवायला मी जीएसटीचे रिटर्न भरते घरबसल्या, त्यात कितीसं रमणार.)

त्या दोन वर्षांत कुणीतरी सुचवलं म्हणून एका सेंटरमध्ये डीप टिशू मसाज घ्यायला गेले. छान मंद दिवे, लेमनग्रासचा वास, बासरी वाजतेय. ती मुलगी अगदी मनापासून काम करणारी होती, तिचा दोष नाहीच, तिने खांद्याला हात लावला आणि म्हणाली मॅडम खूप नॉट्स आहेत, तोडाव्या लागतील. आणि कोपराने तोडायला लागली. मला डोळ्यांपुढे अंधारी येत होती पण मी बोलले नाही! कारण डोक्यात आजोबा. दुखतंय म्हणजे लागू पडतंय. साठ मिनिटं दात आवळून पडून राहिले, वर टिप दिली, आणि पुढचे तीन दिवस बाथरूमपर्यंत जायला नवऱ्याचा हात धरावा लागला, केस विंचरायला हात वर जाईना. त्या टिपचं मला आजही वाईट वाटतं.

मग कधीतरी एका संधिवाताच्या डॉक्टरांकडे पोचले. त्यांनी अंगठ्याने मानेच्या मागे, खांद्यावर, कोपराशी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला असं एकेक ठिकाण दाबून पाहिलं. म्हणाले की 1990 च्या निकषांत अशा 18 जागा ठरवल्या होत्या, साधारण 4 किलोचा दाब द्यायचा, म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका, आणि अंगभर दुखत असून त्यातल्या 11 दुखल्या तर हा आजार. 2010 मध्ये नवे निकष आले तेव्हापासून जागा मोजायची सक्ती नाही, कुठे कुठे दुखतं, झोप कशी, थकवा किती हे विचारतात, पण त्यांना हाताची सवय. माझ्या अकरा नाही, सोळा दुखल्या. इतकी वर्षं नापास झाल्यावर एकदम डिस्टिंक्शन.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. स्नायू फाटलेला नाही, सुजलेला नाही. बिघाड आहे तो दुखण्याची खबर देणाऱ्या यंत्रणेत, मेंदू आणि मज्जारज्जूत. आमच्या सोसायटीत एक नवीन वॉचमन आला होता, मांजर गेलं तरी शिट्टी, पेपरवाला आला तरी शिट्टी, रात्री पान पडलं तरी शिट्टी, तसं झालंय माझ्या नसांचं. आता अशा वॉचमनसमोर कोपर घेऊन धावत गेलं तर तो काय करणार? सगळी सोसायटीच उठवणार ना.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर गैरसमज होईल. सगळ्याच दुखण्यांना हे लागू नाही. माझ्या नणंदेच्या खांद्यात एकाच जागी गाठ धरते, दाबली की कळ कानामागे जाते, ट्रिगर पॉइंट म्हणतात त्याला, केनेडींच्या काळात व्हाइट हाउसमध्ये डॉक्टर असलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या विषयात खूप काम केलं. नणंदेला फिजिओथेरपिस्टने नेमकं दाबून दिलं की आठ दिवस बरं वाटतं. तिला चालतं, मला नाही. दोघी एकाच तेलाच्या बाटलीवर भांडतो.

बरं, मग मला काय चालतं? हळू. पण हळू म्हणजे किती हळू हे सांगणं महाकठीण काम आहे. नवऱ्याला सांगितलं हळू दाब, तर तो म्हणे हळूच तर दाबतोय. शेवटी एका रविवारी वैतागून मी किचनमधला डिजिटल काटा टेबलावर ठेवला, तोच, ज्यावर सासूबाई शंकरपाळ्याचा मैदा मोजतात. म्हटलं, यावर अंगठा ठेव आणि माझा खांदा दाबतोस तसा दाब. आकडा आला 3 किलो 850! म्हणजे हा माणूस प्रेमाने रोज रात्री माझी डॉक्टरी तपासणी करत होता. मग मी माझा अंगठा ठेवून दाखवला, मला हवा तेवढा. 300 ग्रॅम. तो बघतच राहिला, एवढ्यात तर लिंबूही पिळलं जात नाही म्हणाला. सासूबाई आल्या, त्यांनीही दाबून पाहिला, 1 किलो 200, आणि काटा पुसून घेऊन गेल्या.

पण तो आकडा बघितल्यावर त्याला जे कळलं ते माझ्या दोन वर्षांच्या रडण्याने कळलं नव्हतं. आता दाब जवळजवळ नाहीच, नुसता तळहात, थोडं कोमट तिळाचं तेल, आणि कोपरापासून मनगटापर्यंत सावकाश. किती सावकाश त्यालाही हिशोब आहे बरं का. आपल्या कातडीत, मुख्यतः जिथे लव असते तिथे, म्हणजे हातावर, पाठीवर, काही नसा अशा असतात की त्या हळुवार, संथ स्पर्शालाच जास्त उत्तर देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी माणसांच्या हातातल्या नसांमध्ये बारीक सुया घालून हे मोजलंय, सेकंदाला 1 ते 10 सेंटीमीटर या वेगाला त्या नसा छान बोलतात, सगळ्यात जास्त 3 च्या आसपास, आणि हातही कातडीइतकाच कोमट लागतो. माझा हात कोपर ते मनगट 24 सेंटीमीटर भरला, म्हणजे आठ सेकंद. नवरा गुजराती मीडियमचा, तो मनात एक, बे, त्रण, चार करत आठपर्यंत येतो. सुरुवातीला पाचातच पोचायचा. पाच म्हणजेही नियमात बसतं तसं, पण आठची मजा वेगळी.

याने आजार बरा होतो का? नाही. 2016 मध्ये युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने फायब्रोमायल्जियावर शिफारशी काढल्या, त्यात ठामपणे शिफारस एकाच गोष्टीची, व्यायामाची. मसाजबद्दल पुरावा कच्चा आहे म्हणून त्यांनी नाहीच म्हटलंय. हे वाचून मी जरा खट्टू झाले होते, खोटं कशाला बोलू. पण मी चालतेही आहे, कमाटी बागेत, बारा मिनिटांपासून सुरू केलं होतं आता पंचवीसवर आलेय, आणि ज्या रात्री हातावरून हात फिरतो त्या रात्री झोप लागते आणि झोप लागली तर सकाळी चालणं होतं. माझं गणित एवढंच आहे.

आणि हो, एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दुखतेय तर मालिश अजिबात करू नका, रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टर. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी विचारूनच.

काशाच्या वाटीचंही सांगते कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. सासूबाई तुपाने तळपाय घासतात माझे, वाटी तळव्यावर फिरते तेव्हा बारीक घुंईं असा आवाज येतो आणि पाच मिनिटांत पाय काळे. त्या म्हणतात उष्णता निघाली. मला वाटतं काशात तांबं असतं आणि ते तूप-घामाशी मिळून काळं पडतं, एवढंच. पण हे मी त्यांना बोलत नाही, कारण तळपायाला बरं वाटतं ते वाटतंच, आणि वाग्भटानेही तेल डोक्याला, कानाला आणि पायाला विशेष लावा म्हटलंय म्हणे, तेव्हा त्यांच्या बाजूला साक्षीदार मोठा आहे.

पाठीला मात्र नवऱ्याचा हात पुरत नाही. त्यासाठी शेजारच्या सुनेच्या बाळाला तेल लावायला येणाऱ्या मासी मिळाल्या. त्यांना मी एकच सांगितलं, मासी, तुम्ही त्या सव्वा महिन्याच्या पोराला लावता ना, तस्संच मला लावा. त्यांना पटेना. आटलुं हळवेथी? तो पछी असर शुं थशे? (इतकं हळू? मग गुण काय येणार?) असं दोनदा विचारून झालं. पण हात काय सुरेख! मान धरायची पद्धत, कूस बदलताना पाठीखाली आधी हात सरकवणं, तेल आधी स्वतःच्या तळहातावर चोळून कोमट करणं, हे सगळं त्या बाळासाठी आपोआप करत होत्या ते माझ्यासाठीही करायला लागल्या. पंचेचाळीस मिनिटांत मी पहिल्यांदा घोरले म्हणे.

उठून तीनशे रुपये हातावर ठेवले तर मासींनी शंभर परत केले. म्हणाल्या, आमां में शुं कर्युं? घाम तर आलाच नाही. मी खूप आग्रह केला तरी घेईनात, एकदम आजोबांच्या पंथातल्या. असं तीन-चार महिने चाललं, दोनशेच घ्यायच्या, वर माझी दया यायची त्यांना. मग सोसायटीतल्या अजून दोघी-तिघींनी हळूवालं मालिश मागायला सुरुवात केली.

गेल्या महिन्यापासून मासींनी साडेतीनशे केलेत.