सोनं सापडतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन फिरतो हे कळलं, की गावाकडच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.

सापडू शकतं. १९९२ साली सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना त्याच्या मित्राला रोमन काळातली सोन्या-चांदीची सुमारे १५,००० नाणी सापडली. पण अशी घबाडं फार थोडी. सोन्याची अडचण यंत्रातच आहे. यंत्राच्या चुंबकीय लहरींनी धातूत वीज खेळते आणि तिच्या प्रतिसादावरून पडद्यावर आकडा येतो. चांदीच्या जाड नाण्याला वरचा आकडा, खिळ्याला अगदी खालचा. पातळ सोन्याची अंगठी मात्र मधे कुठेतरी, नेमकी शीतपेयाच्या डब्याच्या कडीशेजारी आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलशेजारी. म्हणून ज्याला सोनं हवं, त्याने हा सगळा कचरा उपसायची तयारी ठेवावी.

चांदी भेटते ती बहुधा नाण्यांत. ब्रिटिश नाण्यांत १९२० पर्यंत ९२.५ टक्के चांदी होती, मग ती ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ पासून तांबं-निकेलची नाणी निघाली. तांब्या-पितळेची बटणं, बकलं हिरवी पडून येतात. शेतात टाकलेल्या शेणखताबरोबर घरचा केरही गेला, त्यातलीच ती.

पण मला विचाराल तर माझं मन शिशावर आहे. मातीत राहून त्यावर पांढरट थर चढतो, बंदुकीची गोळी हातात घेतली तर गारगोटी वाटते, वजनावरून कळतं. (शिसं हाताळल्यावर हात धुवायचे, हे आधीच सांगून ठेवतो.) कापडाचा दर्जा तपासल्याची आणि कर भरल्याची खूण म्हणून लावलेल्या शिशाच्या मोहोराही मिळतात. वितळवून विकली तर किंमत काही नाही, आणि तरी आमच्याच जिल्ह्याचा इतिहास या धातूने दुरुस्त केला. २२ ऑगस्ट १४८५ ला तिसरा रिचर्ड राजा बॉसवर्थच्या लढाईत पडला. ती लढाई ॲम्बियन टेकडीवर झाली असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जायचं. २००५ पासून अभ्यासकांनी डिटेक्टरने शिस्तीत शेतं चाळली, तेव्हा तोफांचे तीसहून जास्त शिशाचे गोळे निघाले, तेही टेकडीपासून सुमारे तीन किलोमीटरवर. जवळच रानडुकराचं चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं छोटं बोधचिन्ह मिळालं. रानडुक्कर ही रिचर्डची खूण. प्रत्येक गोळा नेमका कुठे मिळाला याची नोंद झाली, म्हणून रणांगणाची जागा ठरवता आली.

म्हणूनच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी कळकळीने देतो: हे यंत्र घेऊन आपल्या गडांवर जावं का? नाही. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, आणि १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. गडाच्या उतारावर पडलेल्या शिशाच्या चार गोळ्या कुणी खिशात घातल्या, तर हल्ला कुठल्या बाजूने आला होता हे सांगणारा पुरावा गेला. आणि त्या गोळ्या पुढे कुठल्याही संग्रहालयात ठेवल्या, तरी ते कळणार नाही.