भावासाठी धावते, म्हणजे नेमके कशासाठी?

मॅरेथॉनच्या आधी मी ऑटिझमवरील, म्हणजे स्वमग्नतेवरील, संशोधनासाठी निधी गोळा करू लागले, की देणाऱ्यांपैकी कोणीतरी आपुलकीने विचारतेच, ‘या पैशांनी तुमचा भाऊ बरा होणार आहे का?’ प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देते: नाही. त्याची स्वमग्नता हा अंगाला चिकटलेला रोग नव्हे, तो जन्मापासून तसाच आहे आणि मला तसाच हवा आहे. त्याचा त्रास मात्र कमी व्हायला हवा, आणि तो कशाने होतो हे कळल्याशिवाय कमी कसा करणार?

माझा धाकटा भाऊ बोलत नाही. चौदा वर्षांचा असताना तो एकाएकी उजव्या गालावर मुठीने मारून घेऊ लागला. त्याची झोप उडाली, जेवण सुटले. ज्यांच्याकडे आम्ही त्याला नेले, त्यांनी ‘ऑटिझममध्ये असे चालायचेच’ म्हणत शांत करणारी गोळी लिहून दिली. नवव्या दिवशी आई त्याच्या हिरड्या चाचपत असताना त्याने तिचे मनगट घट्ट धरले आणि तिचे बोट स्वतःच शेवटच्या दाढेवर नेऊन टेकवले. दाढ मुळापर्यंत किडली होती. न बोलणाऱ्याची वेदना कशी ओळखावी, ऑटिझम असलेल्यांत अपस्मार आणि निद्रेच्या तक्रारी इतक्या अधिक का आढळतात, हे संशोधनाचे विषय आहेत आणि माझ्या घरात ते नऊ दिवसांच्या हिशेबाने मोजले गेले आहेत.

संशोधनाने आणखी एक गोष्ट केली आहे, तिचे मोल मला विशेष वाटते. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये 11 मुलांचे वर्णन करून ऑटिझमला वेगळी ओळख दिली. पण त्यानंतर कित्येक वर्षे आईच्या मायेतील कोरडेपणामुळे मूल असे होते, असे जाणकारही सांगत राहिले. सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर या संशोधकांनी 1977 मध्ये जुळ्यांच्या 21 जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या, म्हणजे जनुके सारखीच असलेल्या, जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम होता, तर भिन्न जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकीतही तसे नव्हते. जोड्या मोजक्याच होत्या, तरी आनुवंशिकतेकडे बोट दाखवायला त्या पुरल्या. ‘तू त्याच्याशी पुरेसे बोलली नाहीस’ हे आईने नातेवाइकांकडून वर्षानुवर्षे ऐकले होते. मी तिला हे आकडे सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग एवढेच म्हणाली, ‘परत सांग.’

निधी देताना मी एक चौकशी आवर्जून करते: अभ्यासाचा विषय ठरवताना ऑटिझम असलेल्या व्यक्तींना विचारले होते का? उत्तर गुळमुळीत आले, तर पैसे दुसरीकडे जातात.

ध्वनिवर्धकाचा आवाज सहन होत नाही, म्हणून भाऊ शर्यतीला येत नाही. पहाटे निघताना मात्र माझ्या बुटांच्या नाड्या तोच बांधतो आणि दोन्ही टोके शेजारी धरून समान होईपर्यंत सोडून पुन्हा बांधतो. तोवर मी हलत नाही. 42.195 किलोमीटर धावून परत आले, की तो माझ्या छातीवरील क्रमांकाच्या चारही टाचण्या एकेक करून काढतो आणि आपल्या डबीत, आधीच्या टाचण्यांच्या रांगेला लावून ठेवतो.