कळ न येणारं हृदय

जळगाव, १८ डिसेंबर

थंडी पडली, भरताचे दिवस आले. शेतात पऱ्हाटी पेटते, वांगी भाजली जातात, शेकोटीभोवती बिडीचं बंडल फिरतं. हृदय बदललेला माणूस त्या घोळक्यात असला की कोणीतरी म्हणतंच, "एक बिडीमा काय व्हस, भाऊ?" आपल्याकडचा आग्रह प्रेमाचा असतो, म्हणून नाही म्हणणं आणखी जड जातं.

प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू कापले जातात. म्हणून बसल्या जागीही नाडी ९० ते ११० लागते, आणि हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत कळ बहुधा येत नाही. काही वर्षांनी थोडे तंतू पुन्हा जुळतात, पण त्यावर भरवसा ठेवता येत नाही. 'छातीत दुखलं की सोडू' हा बिडी ओढणाऱ्याचा हिशोब इथे चालतच नाही. आधी नुसता दम लागतो, पाय सुजतात, थकवा येतो. तोवर बरंच बिघडलेलं असतं.

बिघडतं काय? शरीराची प्रतिकारशक्ती परक्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर डिवचत राहते आणि ते जाड होत जातं. नेहमीच्या ब्लॉकेजसारखं एका जागी नव्हे, वाहिनीच्या पार टोकापर्यंत. मग स्टेंट बसवायला नेमकी जागा मिळत नाही आणि बायपास जोडायला धड वाहिनी उरत नाही. तंबाखूचा धूर नेमका याच अस्तराला इजा करतो. बरं वाटतंय म्हणून ठरलेली अँजिओग्राफी टाळणं म्हणूनच फार घातक. सगळीकडे सारखा जाड झालेला थर साध्या अँजिओग्राफीत कधी कधी निसटतो, तेव्हा वाहिनीच्या आतून सोनोग्राफी करावी लागते.

प्रत्यारोपणानंतर घ्यायची टॅक्रोलिमस आणि मायकोफिनोलेट ही औषधं प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. त्यामुळे कॅन्सरचा धोका आधीच वाढलेला असतो, त्यात धुराची भर. तंबाखूच्या आणि गांजाच्या पानांत बुरशीचे बीजाणू असतात, ते थेट फुप्फुसात जातात. मळलेली तंबाखू, मिसरी यांतही सुटका नाही: निकोटीन तेच, तोंडाचा कॅन्सर वेगळा. आणि लपवून उपयोग नाही. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड दिवसभरात निघून जातो, पण निकोटीनपासून शरीरात बनणारं कोटिनिन लघवीच्या तपासणीत तीन-चार दिवस सापडतं. तंबाखू सोडायला घेतात त्या निकोटीनच्या गोळीनेही (च्युइंगमने) ते दिसतं, म्हणून तपासणीआधी सांगून ठेवावं.

सोडायचं तर प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारूनच. निकोटीनची गोळी चघळत राहायची नसते. हळू चावायची, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायची, असं अर्धा तास. आधीची १५ मिनिटं चहा नको. नाहीतर निकोटीन तोंडात नीट शोषलं जात नाही आणि लोक म्हणतात, गोळीचा गुण येत नाही. तंबाखू सोडवायच्या औषधांपैकी बुप्रोपिऑनने झटके येऊ शकतात आणि टॅक्रोलिमसनेही, त्यामुळे ही जोडी जोखमीची. किडनी खूपच कमजोर असेल तर व्हॅरेनिक्लिन या दुसऱ्या औषधाचा डोस कमी करावा लागतो. बोलायला कोणी हवं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

भरताला जरूर जावं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आगीपासून लांब बसावं. तोंडावरच्या रुमालाने धूर अडत नाही. भरीत गरम असतानाच खावं, कांद्याची पात स्वच्छ धुतलेली असावी. आणि बंडल काढायचं असेल त्याने ते बांधापलीकडे जाऊन काढावं.