शनिवारचा वर्ग: नऊ आठवड्यांची नोंद

जूनच्या अखेरीपासून परळच्या आमच्या चाळीतल्या वाचनालयाच्या खोलीत दर शनिवारी साडेचारला आठवी-नववीची मुलं गोळा करतोय. कधी अकरा येतात, चाचणी परीक्षा असली की चार. मी शिक्षक नाही. दिवसभर ऑफिस आणि रात्री शेजाऱ्यांना चालेल इतपत पेटी, एवढाच माझा गाण्याशी संबंध. मुलांना गाणं ऐकायला शिकवायचं आणि जमलं तर त्यांच्याकडून चार ओळी बांधून घ्यायच्या, असं ठरवून बसलो. तुमच्यापैकी कुणी असाच उद्योग करत असेल तर माझ्या चुका तरी उपयोगी पडतील.

पहिले तीन शनिवार सरळ पाण्यात गेले. फळ्यावर रागाचं व्याकरण लिहून दिलं: थाट म्हणजे रागाचं कूळ, वादी-संवादी म्हणजे त्यातले दोन मुख्य स्वर, आरोह-अवरोह म्हणजे चढ-उतार. मग किशोरीताई आमोणकरांनी गायलेला भूप राग लावला आणि विचारलं, "कसं वाटलं?"

"मस्त, काका."

"शांत वाटलं, काका."

दुसरं काय म्हणणार बिचारी! असं विचारल्यावर मीही "मस्त"च म्हटलं असतं.

चौथ्या शनिवारपासून नियम केला: दर वेळी ऐकायचं ते एकाच प्रश्नासाठी. तीन मिनिटांचा तुकडा, आधी प्रश्न, मग गाणं. पहिला प्रश्न सोळा मात्रांच्या तीनतालाचा होता. डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्याचा, घुमारा कुठे जातो आणि परत कधी येतो, बोटांवर मोजा. चार वेळा तेच लावलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही तेराव्या मात्रेला टाळी देता, पण डग्गा तर चौदाव्याला येतो."

मी तोंडातल्या तोंडात ठेका म्हणून पाहिला. धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. बरोबर होतं पोराचं! तेराव्यावर नुसता 'ता', डग्गा चौदाव्याच्या 'धिं'वर. वीस वर्षं तीनतालावर पेटी वाजवतोय, हात टाळी देत आला आणि कानाने कधी तक्रार केली नाही. त्या दिवशी फळा पुसून टाकला तो अजून कोराच आहे.

पाचवा आणि सहावा शनिवार टाळ्यांचा. स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराची १९७२ सालची 'क्लॅपिंग म्युझिक' ही रचना वर्गासाठी सोन्यासारखी आहे, कारण वाद्य लागत नाही. बारा मात्रांचा एक नमुना. एकाने तो शेवटपर्यंत तसाच वाजवायचा, दुसऱ्याने ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा सरकत जायचं. बारा वेळा सरकलं की दोघं पुन्हा एकत्र. टाळ्यांचे गट तीन, दोन, एक, दोन, आणि प्रत्येक गटानंतर एक मात्रा रिकामी. आकडे कुणाच्या लक्षात राहीनात, म्हणून मुलांनीच बोल शोधले: बटाटा, वडा, दे, चहा. म्हणून बघा, नेमका बसतो.

घोळ झाला तो सरकल्यावर. दुसऱ्या गटाने 'टाटा, वडा, दे, चहा, ब' म्हणायचं. पण शेवटचा 'ब' उच्चारला की लगेच पुढचं 'टाटा' येतं, जीभ दोन्ही जोडून 'बटाटा' करते आणि सगळे आपोआप जुन्या जागी. मग हशा. शब्दांनी जे सोपं केलं तेच आता आड येत होतं. त्यावर उपाय निघाला पायाचा. आपल्या नव्या सुरुवातीला पाय आपटायचा, तोंड बंद, फक्त टाळ्या. आतापर्यंत तिसऱ्या सरकण्यापर्यंत पोचलोय. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी खाली येऊन विचारून गेल्या, कुणाचा सत्कार आहे का म्हणून.

एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती. या वयात मुलांचे आवाज फुटतात. मुली काळी चारच्या पट्टीत आरामात गातात, पण नववीतले दोन मुलगे दोन आठवडे नुसते ओठ हलवत होते. त्यांना आता गायला लावत नाही. खालचा सा आणि खालचा पंचम धरून ठेवायचा, किंवा ठेका म्हणायचा. त्यातला एक हल्ली सगळ्यात आधी येऊन बसतो.

आता मुख्य गोष्ट. सातव्या शनिवारी बांधायला सुरुवात केली. अटी अशा: भूपाचे पाच स्वर, आठ मात्रांच्या कहरव्याची दोन आवर्तनं, शब्द नाहीत आणि गल्लीतला एखादा आवाज मनात धरायचा. अटी जितक्या कमी, तितकी मुलं अडतात. मोकळीक दिली होती तेव्हा पाऊण तास कुणी एक स्वर लिहिला नव्हता. एका मुलीने सकाळच्या इडलीवाल्याचा भोंपू घेतला आणि हे लिहून आणलं:

ध – ध प | ग प ध –
सां – ध प | ग प ध –

मी पेटीवर वाजवलं आणि तोंडातून निघून गेलं, "हा भूप नाही झाला. गंधारावर ये, रिषभ घे, खाली उतर." तिने निमूट बदललं. बदललेलं वाजवलं, तर ते व्याकरणात बसत होतं आणि पार मेलं होतं. भोंपू गेला, इडलीवाला गेला. ती काही बोलली नाही, वही मिटून घेतली.

रात्री घरी तिची पहिली ओळ सहज वाजवत बसलो आणि उजेड पडला. धैवतावर मुक्काम, ओढ वरच्या सा'कडे, रिषभाचा पत्ता नाही. स्वर भूपाचेच, पण वळण देशकाराच्या बाजूचं. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. आणि देशकार सकाळचा राग, इडलीवालाही सकाळचाच. एवढ्या दोन ओळींना देशकार म्हणायची घाई मी करणार नाही, पण मुलीचा कान माझ्या फळ्याच्या पुढे होता.

आठव्या शनिवारी आधी सगळ्यांसमोर माफी मागितली. मग नावं न सांगता पेटीवर दोन्ही रागांचे तुकडे वाजवले. प्रश्न एकच: मी कुठे थांबतो? गंधाराला डावा हात वर, धैवताला उजवा. दुसऱ्या फेरीत जवळपास सगळ्यांचे हात बरोबर. नावं त्यानंतर सांगितली, थाट त्याच्याही नंतर. रागांची थाटांत विभागणी करणाऱ्या भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात ठेवला आणि देशकार बिलावलात, असं सांगितल्यावर डग्गावाला पोरगा परत उभा: "पण दोन्हींत मध्यम नाहीच. मग कल्याणचा तीव्र की बिलावलचा शुद्ध, ठरवलं कशावरून?"

चालीवरून, म्हटलं. कोणत्या अंगाने राग चालतो त्यावरून. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले भातखंडे पेशाने वकील होते, हेही सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "तरीच." त्याचं समाधान झालेलं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही पुरतं नाही.

किरकोळ: पावसाने पेटीच्या पट्ट्या फुगल्यात, मध्य सप्तकातला पंचम दाबला की वर येत नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करणाऱ्यांनी आवाज आपोआप वरखाली करणारी सोय बंद करता येते का ते पाहावं. आमच्या टाळ्या त्यात दबल्या आणि प्रत्येक रिकाम्या मात्रेत छताचा पंखा गरजत होता.

नवव्या शनिवारी त्या मुलीने मूळ ओळ परत आणली, खाली तिसरं आवर्तन जोडून. ते धैवतावरच सोडलंय, सा'वर आणलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "तो अजून गल्लीत आहे." मी गप्प बसलो. शिकतोय हळूहळू.

गणपतीत खोली मंडळाच्या सामानाला लागते, त्यामुळे दोन आठवडे सुट्टी. मुलांना काम दिलंय: मिरवणुकीत बेंजो पार्टी थांबून पुन्हा सुरू होते तेव्हा लय आधी कोण धरतं, ते बघून यायचं.